आईच्या अंगठ्याचा कागद

अर्जदार: मी, वय बावन्न, शिक्षण नववीपर्यंत, व्यवसाय अर्जलेखन, राहणार खातीपुरा, जयपूर.
मयत: माझी आई. दिनांक: मागल्या थंडीतला एक मंगळवार.
साक्षीदार: माझी पत्नी.

वडील रेल्वेत होते. बदलीने येथे आले आणि येथेच वारले. पुढे आईला पेन्शन मिळू लागली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. तिच्या नावाचे सर्व अर्ज मीच लिहिले, आणि माझ्या अर्जात आजवर कोणत्याही कचेरीने चूक काढलेली नाही, हे येथे नमूद करतो. गुडघे धरल्यापासून तिला उठवत बसवत नसे; म्हणून धंद्यातल्या सवयीप्रमाणे मी चार-पाच कोऱ्या कागदांवर तिचा अंगठा आधीच घेऊन ठेवी. अंगठ्यावर विळीचा जुना व्रण होता. त्यामुळे ठशात मधोमध एक पांढरी रेघ उमटे.

"अजून किती घेशील? झिजेल तो," असे ती म्हणे आणि शाई पदराला पुसे.

तेरावे झाल्यावर पेन्शन बंद करण्याचा अर्ज मी लिहायला घेतला. हात सवयीने चालला. खणातला कागद काढला, मजकूर लिहिला, खिडकीवर दिला. काही वाटले नाही.

शिक्का मारून झाल्यावर बाबू म्हणाले, "मुन्शीजी, मतलब माताजींनी स्वतःच कळवलंय, मी वारले म्हणून?"

रांगेत कोणीतरी हसले. मी पाहिले. मजकूर माझा होता, खाली अंगठा तिचा होता. तिच्या अंगठ्याचा तो शेवटचाच कागद होता. मी माझ्या सहीचा दुसरा अर्ज लिहून दिला. पण पहिल्यावर आवक क्रमांक पडलेला असल्याने तोही फाइलला लागला.

घरी पत्नीला सांगितले, आईच्या शाई पुसलेल्या पदराचे लुगडे आहे का विचारले. ती म्हणाली, "अहो, लुगडी तर मी वाटून टाकली. चष्मा आहे की त्यांचा."

चष्मा काढून पाहिला. तो कोणाचाही असू शकतो.

त्यानंतर तो पहिला अर्ज परत मागायला कचेरीत तीनदा गेलो. "रेकॉर्ड आहे, देता येत नाही," असे सांगण्यात आले. ते बरोबर आहे. मीही लोकांना तेच सांगतो.

तरी विनंती की, अर्ज कार्यालयानेच ठेवावा. फक्त खालचा कोपरा, तीन बोटे रुंद, कापून मला द्यावा. कापल्याबद्दल मी लेखी पोच देईन. नियमात बसत नसल्यास तसे लेखी कळवावे, आणि तोवर त्या कोपऱ्याला टाचणी लावू नये.