निळ्या पेन्सिलीतली दफनभूमी

वुब्बो डाइकेमाने अडतीस वर्षं ग्रोनिंगन या डच प्रांताच्या किनाऱ्यावरच्या एका पंपघरात काढली. गाव समुद्रापेक्षा दीड मीटर खाली. पावसाचं आणि जमिनीतून झिरपणारं पाणी उपसून समुद्राच्या बांधापलीकडे टाकायचं, हे त्याचं काम. वादळ आलं की लोक रस्त्यात अडवून विचारायचे, "वुब्बो, झोपू ना आज?" तो म्हणायचा, "घोरा खुशाल." आणि लोक खरंच झोपायचे.

तो निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी शाळेतल्या आफ्केबाईंनी त्याला बोलावलं. त्यांच्या वर्गातली सोळा-सतरा वर्षांची मुलं 'आपण म्हातारे होऊ तेव्हाचं जग' या विषयावर वर्षभर काम करत होती.

"घाबरलीत का पोरं?" त्याने विचारलं.

"या आणि बघा," बाई म्हणाल्या.

पोरं एकतर रडवेली असतील, नाहीतर मोठ्यांवर खवळलेली, असा त्याचा होरा होता. दोन्हींसाठी त्याच्याकडे एकच औषध होतं. वर्गात उभं राहून त्याने ते दिलं: बांध भक्कम आहे, पंप नवे आहेत, तुमच्या पणजोबांनाही लोक हेच सांगून भिववायचे.

मुलांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग यिल्डाऊ नावाच्या मुलीने हात वर केला. "आजोबा, तुम्ही कामाला लागलात तेव्हा हिवाळ्यात पंप दिवसाला किती तास चालायचा?"

"चार. फार तर पाच."

"आणि निवृत्त झालात तेव्हा?"

"अकरा," तो म्हणाला आणि स्वतःच दचकला. हा आकडा त्याने रोज वहीत लिहिला होता, पण तोंडाने कधी कुणाला सांगितला नव्हता. बायकोलाही नाही.

मुलं चपापली नाहीत. त्यांचा अंदाज साडेदहाचा होता. सीगर नावाच्या उंच पोराने टेबलावर गावाचा नकाशा पसरला. "सगळंच वाचवता येणार नाही असं धरून चाललोय आम्ही. काय राखायचं आणि काय पाण्याला सोडायचं, ते आपणच वेळेवर ठरवावं. चुकलं असेल तिथे सांगा, तुमच्याइतकं कुणाला माहीत नाही."

वुब्बोने चष्मा लावला. घरं, शेतं, दुधाच्या डेअरीचा रस्ता. सखल भागातला एक चौकोन निळ्या पेन्सिलीने भरून काढलेला.

"हे काय?"

"नवी दफनभूमी. ती सगळ्यात आधी हलवायची."

पाच वर्षांपूर्वी त्याने हिल्येला, आपल्या बायकोला, तिथे ठेवलं होतं. शेजारची जागा त्याने स्वतःसाठी राखून ठेवली होती.

"तिथे माणसं आहेत, पोरांनो," तो म्हणाला. आवाज चढला होता. "तुमच्यासाठी नुसता रंग आहे तो. कुणी भरला?"

"मी," यिल्डाऊ म्हणाली. "माझा धाकटा भाऊ आहे तिथे. तिसऱ्या रांगेत. दुसऱ्या कुणी तो भाग रंगवावा असं मला नको होतं."

वुब्बो खुर्चीत बसला. आफ्केबाईंनी पाणी आणून दिलं, ते हातातच राहिलं. या मुलांना धीर द्यायला तो आला होता. तो ज्या गोष्टीकडे पाठ फिरवून जगला, तिच्याकडे ही सोळा वर्षांची मुलगी नजर न चुकवता बघत होती, आणि त्याने आवाज चढवला तरी ती त्याच्यावर रागावली नव्हती.

त्याने पेला तसाच खाली ठेवला. "हिल्येच्या दफनाच्या दिवशी सकाळी सहाला मी एकटाच गेलो होतो. खड्ड्यात गुडघाभर पाणी होतं. पंपघराची किल्ली अजून माझ्याकडे होती; तिथला लहान पंप नेऊन मी तो खड्डा कोरडा केला. दहाला सगळे फुलं घेऊन आले, तेव्हा तळ ओलासुद्धा दिसत नव्हता. तिच्या बहिणी म्हणाल्या, किती छान जागा मिळाली."

सीगरने नकाशा गुंडाळायला घेतला, तेव्हा वुब्बोने त्यावर हात ठेवला.

"राहू दे. चूक आहे यात. कबरी हलवायला चर्चभोवतीची सगळी टेकडी तुम्ही मोकळी दाखवलीय. तिच्या उत्तरेच्या अंगाला पाणी मुरतं, तिथे खणू नका. पाद्रीबाबांची सफरचंदाची बाग आहे ना, ती जागा घ्या."

"देतील ते बाग?" यिल्डाऊने विचारलं.

"मी मागतो. मला नाही म्हणायची त्यांची टाप नाही."

दुसऱ्या दिवशी त्याने पंपाच्या नोंदींच्या अडतीस वह्या सायकलच्या दोन पिशव्यांत भरून तीन खेपांत शाळेत पोचवल्या. पाद्रीबाबांनी अर्धी बाग कबूल केली, अर्ध्यासाठी अजून घासाघीस चालू आहे. ग्रामसभेत मुलांनी नकाशा मांडला, तेव्हा मागून कुणीतरी हसलं, कुणी उठून गेलं. हिल्येची थोरली बहीण तेव्हापासून वुब्बोशी बोलत नाही. दफनभूमी हलवण्याचा अर्ज मात्र दाखल झाला. त्यावर पहिली सही वुब्बोची होती. दुसरी यिल्डाऊच्या आईची; ती करताना तिने पेन दोनदा खाली ठेवलं होतं.