दुपारपर्यंत अननस

बायको गेल्यापासून मी घरात एका जागी बसत नाही. बसलो की उठतो, उठलो की कपाट उघडतो. कपाटात तिच्या साड्या आहेत, पण त्यांना आता डांबरगोळ्यांचाच वास येतो. तिच्या उशीचा अभ्रा मुलीनं दहाव्याच्या आधीच धुऊन टाकला. पाहुणे येणार, घर आवरायला पाहिजे म्हणून. मी ओरडलो, ती रडली. अभ्रा दोरीवर वाळत होता, ओरडून काय उपयोग.

राहिली होती एक सेंटची बाटली. भारीतली नव्हे, चिकपेटेच्या बाजारात बांगड्या-टिकल्यांच्या दुकानात मिळते ती, दाबली की फुसकन उडते. तीही रिकामी. टोपण नाकाला लावून लावून त्यातला वास मीच संपवला.

मला पाहिजे होता तो वास मी वर्षानुवर्षं घेतलेला आहे. मी शिंपी. चिकपेटेत दुसऱ्याच्या दुकानात ब्लाउज कापण्यात जन्म गेला. सकाळी लवकर निघायचो, दिवेलागणीला घरी यायचो. ही दार उघडायची आणि तिच्या मानेपाशी तो वास असायचा. सुकं खोबरं ठेवलेल्या लाकडी डब्याचं झाकण काढलं की येतो तसा, थोडा गरम. मी चांगलं-वाईट काही म्हणायचो नाही. "दार लाव, डास येतात," एवढंच.

तर परवा ती रिकामी बाटली पिशवीत घातली आणि सकाळीच दुकानात गेलो. तिथं एक कानडी मुलगी बसते.

"हीच पाहिजे," म्हटलं.

"अज्जीला का, ताता?" तिनं आजोबांना विचारावं तसं विचारलं.

"मला."

ती हसली नाही. "घ्या की. बाई-पुरुष दोघांनाही चालते ही."

डाव्या मनगटावर तिनं फवारा मारला. मी हात नाकाशी नेला आणि डोकंच फिरलं. अननस. कच्चा नव्हे, हॉटेलात अननस घालून केसरीबात करतात, आपला शिरा, त्याच्या पातेल्यात हात बुडवावा तसा.

"ही ती नव्हे. खोटा माल विकता तुम्ही."

"तीच आहे. मीपण लावते." तिनं दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून दाखवल्या. चित्र तेच, अक्षरं तीच. "तुम्हाला तो वास कधी यायचा?"

"संध्याकाळी."

"मग आत्ता कसा येईल? सकाळी फळ असतं, दुपारी ते उडून जातं. स्वल्प थांबा. तो हात धुऊ नका. संध्याकाळी नाही आला तर बाटली परत आणा, मी आहे इथं."

पैसे दिले, सरी, म्हणजे बरं, म्हणालो आणि बाटली घेऊन बाहेर पडलो. थांबा म्हणणं सोपं आहे. दर दहा पावलांवर मी हात हुंगत होतो. आमच्या जुन्या दुकानाच्या पायरीवर काज-बटणवाला बसला होता, माझ्याबरोबर म्हातारा झालेला. तो लांबूनच म्हणाला, "काय अण्णा, केसरीबात खाऊन हात नाही धुतला?"

"सेंट आहे."

"ह्या वयात? कोण गाठलीत?"

"तुझी सासू मोकळी आहे म्हणून ऐकलं."

तो खोकेपर्यंत हसला. मग हसू आवरून चहा मागवतो म्हणाला. मला तिथं बसवेना.

चालता चालता एक काटा रुतला. मी सकाळी घरातून निघायचो तेव्हा हिला कधी असला वास नसायचा. संध्याकाळी अननस नसायचा. म्हणजे ही मी गेल्यावर लावायची. मी गेल्यावर, कुणासाठी?

ह्या वयात, ती गेल्यावर, असलं मनात यावं. पण आलं. मेट्रोत चढलो आणि यशवंतपूरला उतरलो. काम काही नव्हतं. बाजाराकडं वळलो तर कांद्याच्या पोत्यांचा भपकारा आला. मनगट शर्टात खुपसलं आणि तसाच माघारी फिरलो. लोक बघत होते, ह्याच्या छातीत कळ आली की काय म्हणून.

फलाटावरच्या बाकावरून मुलीला फोन लावला. ती सर्जापूर रोडला राहते, घरूनच काम करते.

"अप्पा, मीटिंग चालू आहे. बरे आहात ना?"

"तुझी आई सेंट कधी लावायची?"

"सकाळी. तुम्ही जिना उतरलात की लगेच."

"कुणासाठी?"

"अप्पा, काय बोलताय?"

"विचारलं ते सांग."

"स्वतःसाठी. साड्यांना फॉल लावायला बसायच्या आधी मारून घ्यायची. म्हणायची, अननस माझा. त्यांना कळला तर म्हणतील, पंगतीत बसल्यासारखं वाटतंय. संध्याकाळपर्यंत त्यांच्या जोगा होतो." आणि मग म्हणाली, "अप्पा, तो अभ्रा मी…"

"सोड ते. मीटिंग कर."

मी अगदी तसंच म्हणालो असतो. पंगतीत बसल्यासारखं. शब्दसुद्धा तेच. बाईनं मला ब्लाउजच्या मापासारखं घेऊन ठेवलं होतं.

हात हुंगला. अननस गेला होता. तिथं काहीतरी साबणात पडलेल्या मोगऱ्यासारखं होतं, ना हिचं ना माझं. घरी येऊन उजव्या हातानं जेवलो, त्याच एका हातानं ताट धुतलं. घरात राहवेना म्हणून पुन्हा बाहेर पडलो. रसवंतीच्या कोपऱ्यापर्यंत जायचं, परत यायचं, पुन्हा जायचं. मोगराही विरत गेला. मग नुसत्या माझ्या कातडीचा वास आला, घामाचा आणि मशीनच्या तेलाचा. वाटलं संपलं, उद्या बाटली परत करायची. मग हुंगणंच सोडलं.

दिवेलागणीला जिना चढलो. दार उघडायला आता कुणी नाही. डाव्या हातानं खिशातून किल्ली काढली. जिन्यात अंधार, कुलपाचं भोक दिसेना म्हणून वाकलो. हात तोंडासमोर आला.

खोबऱ्याचा लाकडी डबा.

माझ्या कातडीवर जरा कडसर उतरला होता. हिच्यावर गोड असायचा. पण तोच.

दार ढकललं, पण आत जाववेना. आत फोडणी, उदबत्ती, काहीही त्यात मिसळलं असतं. उंबऱ्यावरच बसलो, हात मांडीवर ठेवून. बराच वेळ बसलो. शेजारीण अक्का वर येता येता म्हणाली, "अण्णा, दार तरी लावा की, डास शिरतायत."

"शिरू देत," म्हटलं.