तिसरीचा वर्ग गप्प होतो तेव्हा

तिसरीचा वर्ग गप्प झालेला मला अजूनही चालत नाही. शाळेतल्या बाकीच्या बाया वर्ग गप्प बसावा म्हणून घसा फोडतात. मी मात्र पोरांची कलकल थांबली की खडू खाली ठेवते आणि मागे वळून बघते.

नवऱ्याच्या रेल्वेतल्या बदलीमुळे आम्ही चेन्नईजवळच्या तांबरमला आलो आणि मी इथल्या एका प्राथमिक शाळेत गणित शिकवायला लागले. तमिळ माझं मोडकंतोडकं, पण वजाबाकीला कुठली आलीय भाषा! त्या वर्षी आमच्या एचएमबाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, डोक्यात विषयवार पद्धत शिरली. तोवर एका इयत्तेला एकच बाई असायची. प्रार्थनेपासून डब्यापर्यंत सगळं तीच बघायची. आता गणिताला एक, तमिळला दुसरी, परिसर अभ्यासाला तिसरी. खोल्यासुद्धा विषयांप्रमाणे वाटून टाकल्या. घंटा झाली की एवढीएवढी पोरं दप्तरं पाठीला लावून जिने चढायची नाहीतर उतरायची. जसं काही कॉलेजच काढलंय! मी तेव्हाही बोलले होते, पण बदलीवर आलेल्या नवऱ्याच्या बायकोचं कोण ऐकतंय?

माझी खोली वरच्या मजल्यावर. एकदा मी फळ्यावर उदाहरण मांडत होते आणि मागे नेहमीचा बाजार भरला होता. एकदम सगळं थांबलं. कुणी ‘शू’ केलं नाही, दारात एचएमबाईही नव्हत्या. पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मी वळले, तर एकही पोर माझ्याकडे बघत नव्हतं. सगळा वर्ग खिडकीजवळच्या एका मुलीकडे बघत होता. दोन वेण्या, पांढऱ्या रिबिनी, समोर उघडं पुस्तक. तिचे डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांत कुणी नव्हतं. शेजारच्या मुलीनं तिच्या पुस्तकातल्या एका ओळीवर बोट टेकवून ठेवलं होतं.

मग शेजारीण हळूच म्हणाली, “वंदुट्टा.” आली. एवढं तमिळ मला येत होतं.

लगेच बाजार पुन्हा सुरू झाला. त्या मुलीनं शेजारणीला काहीतरी विचारलं. ती म्हणाली, “कोंजमदान.” थोडंच. मुलीनं बोटाखालची ओळ पकडली आणि पुढे वाचायला लागली. पोरांचे कसलेकसले खेळ असतात, हाही त्यातलाच, असं मला वाटलं. तेवढ्यात घंटा झाली आणि वर्ग दुसऱ्या बाईंच्या ताब्यात गेला.

स्टाफरूममध्ये मी सहज विषय काढला, तर तमिळच्या बाई खुशीत म्हणाल्या, “माझ्या तासालाही गप्प होतात हो! धाक लागतो मास्तरणीचा.” परिसर अभ्यासाची बाई नवीन, कोवळी पोर. ती म्हणाली, “मिस, मला त्या वर्गात थंडी वाजते.” चेन्नईत थंडी! आम्ही तिला इतकं चिडवलं की ती डबा घेऊन उठूनच गेली. पण खरं सांगते, मलाही वाजायला लागली होती. माझ्या तासात एकदा, कधी दोनदा, ती शांतता यायची. आणि ती शांतता माझ्यासाठी नाही, हे मला नीट कळत होतं. त्या खोलीत पोरांचं आणि कुणाचं तरी काहीतरी ठरलेलं होतं, आणि मी मध्येच आलेली पाहुणी होते.

मग एकदा घंटा होऊन गेली तरी तिसरी वर आलीच नाही. आवाजही नाही. अख्खा वर्ग जिना चढतोय आणि आवाज नाही? मी जिन्याच्या तोंडाशी गेले.

सगळी जिन्यावर उभी होती. रांगेत, जागच्या जागी. मधोमध ती मुलगी. एक पाय वरच्या पायरीवर टेकलेला, अंग मागे कललेलं, डोळे उघडे आणि रिकामे. मागच्या दोन मुलींनी तिच्या दप्तराला हात लावून तिला तोलून धरलं होतं. कुणी हसत नव्हतं, कुणी घाबरलेलंही नव्हतं. रोज देवापुढे उभं राहावं तशी ती लेकरं उभी होती. हाक मारावी तर ती दचकेल आणि पाय सुटेल, म्हणून मीही त्यांच्यासारखीच उभी राहिले.

“वंदुट्टा.”

ती हलली, पुढची पायरी चढली, रांग चालायला लागली. माझ्याजवळ आल्यावर ती गोड हसून म्हणाली, “गुड मॉर्निंग, मिस.”

दुसरीला त्यांना ज्या बाई होत्या त्या उन्हाळ्यात निवृत्त झाल्या होत्या. तंजावरकडच्या मराठी. मी त्यांना अक्का म्हणायची. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता आणि माझ्या मराठीला त्या हसायच्या. त्याच दुपारी त्यांना फोन लावला.

“अक्का, ती खिडकीजवळची पोर...”

“जाते का अजून?” त्यांनी विचारलं. जशी काही ती पोर बाजारात जाते!

मग सगळं बाहेर आलं. ती मधेच अशी कुठेतरी जायची आणि परत यायची. पोरीच्या आईनं अक्कांचे पाय धरले होते. कुणाला सांगू नका, शाळेतनं काढतील, पुढे लग्नाला अडेल. अक्कांनी शब्द दिला. आणि वर्गाला शिकवलं. ती गेली की गप्प राहायचं, तिची ओळ धरून ठेवायची, आली की किती वेळ गेला ते मोजून सांगायचं नाही, थोडंच म्हणायचं. दिवसभर एकच बाई, एकच खोली, जिना नाही. त्यांचं निभावून गेलं.

“अहो, पण आता ती दिवसभर जिने चढते अक्का! आम्हाला कुणालाच माहीत नाही! पडली असती म्हणजे?”

त्या म्हणाल्या, “मी आईशी बोलते. तू डॉक्टराकडे ने.” अक्का रडत होत्या. मीही चिडले होते आणि रडतही होते.

आई यायला तयार झाली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, हा फिटचाच एक प्रकार आहे, थोडा वेळ भान जातं, असं सांगितलं, औषधं दिली, आणि हा काही शाप नाही असं आईला दोनदा समजावलं. एचएमबाईंशी मी भांडले. आमच्यापैकी प्रत्येकीनं त्या पोरीचा एकेक तुकडा बघितला होता आणि तो घंटेबरोबर सोडून दिला होता. अख्खी पोर कुणाच्याच वाट्याला नव्हती, जिना तर कुणाचाच नव्हता. एचएमबाई कडक, पण मनानं वाईट नाहीत. तिसरीला खाली कायमची खोली मिळाली, आणि एका वेळी दोन बाया. मी आणि ती थंडी वाजणारी. एकीनं शिकवायचं, दुसरीनं मागे उभं राहून बघायचं. एका ओट्यावर दोघींनी स्वयंपाक करावा तशा आम्ही सुरुवातीला खूप भांडलो. मी फार भरभर बोलते म्हणे!

हळूहळू ती शांतता कमी झाली. मग आलीच नाही. पोरगी चांगली दंगा करायला लागली, शिक्षासुद्धा खाल्ली तिनं. मला इतका आनंद झाला की घरी जाऊन शिरा केला.

पोंगलच्या सुट्टीआधी माझी जोडीदारीण रजेवर होती. मी टेबलावर पुस्तक ठेवून उदाहरण वाचून दाखवत होते. फळवाल्याकडे आंबे होते, त्यातले काही नासले...

पंख्याची कुरकुर ऐकू आली.

फक्त तीच. माझी नजर आधी खिडकीजवळच्या बाकाकडे गेली. बाक रिकामा होता. मग दिसलं की सगळा वर्ग गप्प आहे, आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

ती माझ्या टेबलापाशी उभी होती. कधी उठून आली, मला माहीत नाही. माझ्या पुस्तकात, नासलेल्या आंब्यांच्या ओळीवर, तिनं बोट टेकवून ठेवलं होतं.

तिनं वर्गाकडे वळून हळूच सांगितलं, “मिस वंदुट्टांग.” मिस आल्या. आणि बाजार सुरू झाला.

“किती वेळ गं?” माझा आवाज मलाच ओळखू येईना.

ती माझ्याकडे बघून हसली. फार मोठ्या बाईसारखं हसली.

“कोंजमदान, मिस.”

मी वाचायला लागेपर्यंत तिनं बोट उचललं नाही.