गौराक्कांच्या दिव्याची बेंबी

मंडळी, परवा इथे एका हिरव्या काचेच्या रॉकेलच्या दिव्याचा फोटो टाकून ‘हा कुठला असेल?’ असं विचारलं होतं. तो शेजारच्या गौराक्कांच्या सासऱ्यांचा. शोध घ्यायला मीच मागून आणलेला.

त्याच दिवशी पुसताना बुडाला खडबडीत व्रण हाताला लागला. वाटलं, माझ्याच हातून टवका उडाला! टेबलावर ठेवला की दिसणार नाही, हेही मनात येऊन गेलं.

आज मात्र दिवा घेऊन गेले आणि सगळं सांगून टाकलं. अक्कांनी चष्मा लावून तो उलटा केला आणि मोठ्यानं हसल्या.

“खुळी का काय गं तू? फुटल्याला न्हाय, बेंबी हाय ती! तोंडानं काच फुकून केल्याला दिवा बुडाला सळई चिकटवून धरत्यात, ती तोडली की तितं ऱ्हाती. साच्यातल्याला नसती. मामंजींनी दावल्ती मला.”

माझा जीव भांड्यात पडला. दिव्याचा देश अजून कळलेला नाही, पण तो कुणाच्या तरी फुंकरीतून झालाय, एवढं नक्की.

निघताना अक्का म्हणाल्या, “म्हणून दोन दिस दारात दिसली न्हाईस व्हय?”

मंडळी, खरं सांगा, तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं असतंत का?