वेळापत्रकातून काढलेला तास

उत्तरा गायधनी पंचवटीतल्या. वडील रामकुंडावर यात्रेकरूंचे विधी करायचे. उत्तराताई मात्र समाजकार्य शिकून १९८९ साली आमच्या आरोग्य संस्थेत आल्या. मी तिथं टायपिंग करायचो. गावोगावच्या आरोग्यसेविकांसाठी त्या पाच दिवसांचं शिबिर घ्यायच्या. तक्ते स्वतः रंगवायच्या, शेवटी लेखी चाचणी घ्यायच्या आणि निकाल टाइप करायला देताना त्यांचा चेहरा खुललेला असायचा.

१९९४च्या शिबिरात सायखेड्याच्या झुंबरबाई आल्या. सातवी शिकलेल्या, घरी गिलक्यांचा आणि झेंडूचा मळा. बाई हुशार आहे, हे उत्तराताईंनीच हेरलं आणि दोन वर्षांनी त्यांच्याच शिफारशीनं झुंबरबाई मदतनीस म्हणून रुजू झाल्या.

शिबिराचा शेवटचा तास त्यांच्याकडे आला. त्या तक्ते गुंडाळून ठेवायच्या आणि बायकांच्यात खाली बसायच्या. "मागल्या महिन्यात काय फसलं ते सांगा. आधी मी माझं सांगते." मग एका बाळंतिणीला सासूसमोर रागावल्यावर तिनं दारच कसं लावून घेतलं, ते सांगायच्या. बायका हसायच्या, मग एकेक जण बोलायला लागायची. काही रडायच्याही. तास लांबायचा.

उत्तराताई व्हरांड्यात उभ्या राहून ते ऐकायच्या. 'आठ वर्षं शिकवतेय मी. माझ्या तासाला कुणी असं बोललं नाही.' पुढं बऱ्याच वर्षांनी त्यांनी मला हे सांगितलं. एखादी बाई आल्या आल्या "झुंबरताई कुठं हायेत?" म्हणाली, की त्यांचा सगळा दिवस बिघडायचा. एकदा त्यांनीही तसा तास घेऊन पाहिला. स्वतःची चूक म्हणून सांगितलं काय, तर "मी कामात इतकी बुडाले, की तब्येतीकडे दुर्लक्ष झालं." बायकांनी आदरानं माना डोलावल्या. तास वेळेआधीच संपला.

१९९८च्या शिबिराचं वेळापत्रक त्यांनी माझ्याकडे दिलं. त्यात तो तास नव्हता.

"झुंबरबाईंचं राहिलं का, ताई?"

"वेळ पुरत नाही. तिथं उजळणी घाला."

मी घातली. झुंबरबाईंनी कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि मागच्या सतरंजीवर जाऊन बसल्या.

त्या पावसाळ्यात गोदाकाठच्या एका गावात वर्षाच्या मुलाला जुलाब लागले. आमची आरोग्यसेविका नवसाबाई शेजारीच राहायची. तिनं साखर-मिठाचं पाणी पाजलंच नाही. मुलाचे डोळे खोल गेले, तेव्हा घरच्यांनी टेंपोतून दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी पोरगं वाचलं. उत्तराताई आणि झुंबरबाई दोघी गावात गेल्या.

उत्तराताईंनी विचारलं, "तुम्हाला तर चाचणीत वीसपैकी वीस होते, नवसाबाई! मग पाणी का नाही पाजलंत?"

"लिटरचं माप माझ्या घरी कुठं हाय, ताई? माझा तांब्या लय मोठा. मीठ जास्ती झालं तर पोराला बाधंल म्हून हातच चालंना."

"मग शिबिरात विचारायचं ना!"

"तुम्ही म्हणालात, समजलं का? समद्या हो म्हणाल्या. मी एकलीच नाय कशी म्हणू?" मग ती झुंबरबाईंकडे वळली. "तुमचा तास असता तर बोलले असते."

एसटीची वाट पाहत दोघी फाट्यावर उभ्या राहिल्या. उत्तराताई म्हणाल्या, "तो तास मी काढला. वेळ पुरत होता."

"ठावं हाय मला."

"तुमचा हेवा वाटत होता. अजूनही वाटतो."

झुंबरबाई म्हणाल्या, "मलाबी तुमचा वाटायचा, ताई. तुमचं अक्षर, साहेबलोकांपुढचं बोलणं. पण मी कुणाचा तास नाय काढला."

 एसटीत उत्तराताई वेगळ्या बाकावर बसल्या.

पुढच्या वेळी शिबिराची मांडणीच बदलली. आधी तीन दिवस शिकायचं, मग महिनाभर गावात काम करायचं, मग पुन्हा दोन दिवस जमायचं. प्रत्येकीनं घरचा तांब्या आणि चमचा आणायचा आणि त्याच मापानं पाणी करायचं. परतल्यावरचा पहिला तास फसलेल्या गोष्टींचा. त्या तासाला उत्तराताई आधी उभ्या राहिल्या आणि वेळापत्रकाची गोष्ट सांगितली, का काढला तेही. झुंबरबाई समोरच होत्या. नवसाबाई खाली मान घालून बसली होती. मग कोपऱ्यातून एक म्हातारी सेविका म्हणाली, "माझंबी एक हाय. सांगू का?"

याचा अर्थ हेवा संपला, असं नाही. २००४ साली झुंबरबाईंना प्रशिक्षण विभागाचं प्रमुख केलं. पत्र मीच टाइप केलं होतं. उत्तराताईंनी ते उभ्यानं वाचलं, टेबलावर ठेवलं आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेल्या. दोन दिवस आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या थेट झुंबरबाईंसमोरची खुर्ची ओढून बसल्या आणि येत्या शिबिराच्या आखणीत त्यांना काय काय पटलेलं नाही, ते सांगू लागल्या. झुंबरबाईंनीही ऐकून घेतलं नाही. दोघींचा आवाज पार माझ्या खोलीपर्यंत येत होता, आणि दुपार टळली तरी दोघींपैकी कुणी जेवायला उठलं नाही.