हॉलशी जुळणारी फरशी

घराची खरी ओळख भिंतींवरून होत नाही, पायाखालच्या जमिनीवरून होते, असं माझं फार जुनं मत आहे. भिंती पाहुण्यांसाठी असतात, जमीन घरच्यांसाठी. हे मत मी बऱ्याच लोकांना ऐकवलं आहे. ऐकवताना आमच्या आतल्या खोलीतल्या तडा गेलेल्या लाद्या कपाट सरकवून झाकलेल्या असत.

मुलुंड पूर्वेचं हे घर वडिलांनी घेतलं तेव्हापासून सगळीकडे मोझॅकची लादी होती. पांढुरक्या सिमेंटमध्ये तपकिरी आणि काळी खडी. मोहरी सांडली तर ती पुढच्या झाडूपर्यंत दिसायची नाही. हॉलमधली आणि पॅसेजमधली लादी चांगली राहिली होती, बायकोने तिला पॉलिशही करून घेतलं होतं. आतल्या खोलीतली मात्र गेली होती.

ती खोली आईची. तिथे तिचा पलंग होता, पण दुपारी ती त्यावर झोपत नसे. जेवणं झाली, ओटा पुसून झाला की खिडकीखाली लादीवर आडवी व्हायची. चटई नाही, उशी नाही, डोक्याखाली स्वतःचा हात. अंगाखालची लादी तापली की शेजारच्या गार लादीवर सरकायची. खिडकीखाली झोपलेली आई चहाच्या वेळेला दाराजवळ सापडत असे. याला कुणी सवय वगैरे म्हणत नव्हतं. दुपारी पंखा छताला असतो आणि आई लादीवर असते, एवढंच.

फरशी बदलायचं ठरलं ते तड्यांमुळे, आणि थोडं वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांमुळे. त्यांनी लाकडासारखी दिसणारी फरशी करून घेतली होती आणि ती बघायला आम्हाला चहाला बोलावलं होतं. मुंबईच्या हवेत लाकडी जमीन कुणाला हवी असते, असं मी घरी आल्यावर विचारलं आणि वाळवीला, असं उत्तरही मीच दिलं. कुणी हसलं नाही. शिवाय ते लाकूड नव्हतंच. लाकडाचा फोटो छापलेलं प्लास्टिक होतं, म्हणजे वाळवीचीही निराशाच.

घाटकोपरच्या दुकानातला माणूस या विषयात देवळातल्या पुजाऱ्यासारखा बोलत होता.

"सर, बेडरूम एकटी बघायची नसते. दार उघडं असलं की हॉल, पॅसेज, बेडरूम सगळं एकदम दिसतं. फरश्या एकमेकींशी बोलल्या पाहिजेत."

"आमच्या सोसायटीत माणसं बोलत नाहीत," मी म्हटलं.

"तू गप्प बस रे जरा," बायको म्हणाली, आणि त्याला विचारलं, "म्हणजे हॉलच्या लादीसारखाच रंग घ्यायचा का?"

"सारखा नाही मॅडम. लादीतल्या खडीतला एखादा रंग उचलायचा. तुमच्याकडे तपकिरी आहे ना, तोच लाकडात आला पाहिजे. दारात नजर अडकता कामा नये."

मग तो आईकडे वळला. "आजी, चप्पल काढून यावर उभ्या राहा. बघा, पायाला अजिबात गार लागत नाही."

आई उभी राहिली. पाय थोडा पुढे-मागे केला.

"नाही लागत," ती म्हणाली. "कायमच असं राहतं का?"

"गॅरंटी आहे, आजी."

आईने चप्पल घातली. मी त्या वेळी किमतीच्या पाटीवरचा बारीक मजकूर वाचत होतो आणि स्वतःला चौकस समजत होतो.

त्याने तीन सँपल घरी न्यायला दिले: ओक, सागवान आणि वॉलनट. यातली दोन झाडं आमच्यापैकी कुणी पाहिलेली नव्हती. सँपल आईच्या खोलीच्या दारात मांडून ठेवले. बायको ते सकाळच्या उजेडात बघायची, ट्यूबलाइट लावून बघायची, हॉलच्या सोफ्यावरून मान तिरकी करून बघायची. वॉलनटने खोली वकिलाच्या ऑफिससारखी दिसेल, असं मी म्हटलं. सागवान फार पिवळं पडत होतं. आमच्या घरात इतकी साधकबाधक चर्चा मुलीच्या लग्नाच्या वेळीही झाली नव्हती.

दुपारी आई ते सँपल उचलून भिंतीला टेकवून ठेवायची, लादीवर झोपायची आणि उठल्यावर पुन्हा होते त्याच क्रमाने मांडायची. हे आम्ही दोघांनीही पाहिलं. बायको म्हणाली, आई किती व्यवस्थित आहेत.

"आई, तुम्हाला कुठला आवडला?" तिने विचारलंही.

"तुम्ही ठरवा गं. दारात वेगळं दिसायला नको, एवढंच ना?"

"हो, तेच."

"मग ओक घ्या."

आम्ही ओक घेतला. जुनी लादी फोडावी लागली नाही. तिच्यावर फोमचा थर अंथरून वर पट्ट्या बसवल्या, दारात एक बारीक पट्टी लावली आणि काम संपलं. खडीतला तपकिरी खरोखरच लाकडात उतरला होता. वरचे शेजारी येऊन बघून गेले आणि फार बोलले नाहीत, म्हणजे चांगलं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आई खिडकीखाली आडवी झाली आणि थोड्याच वेळात उठून बसली.

"काय झालं गं?"

"काही नाही. अंगाला चिकटतं जरा."

मग ती पॅसेजमध्ये झोपायला लागली. तिथे जुनी लादी होती. पण पॅसेज म्हणजे बाथरूमची वाट. झोपलेल्या माणसाला आमच्याकडे ओलांडत नाहीत; ओलांडलंच तर पुन्हा उलटं ओलांडून परत यायचं, नाहीतर त्याची वाढ खुंटते. ऐंशीच्या घरातल्या आईची वाढ खुंटेल अशी भीती कुणाला नव्हती, पण ओलांडायचा धीरही नव्हता. आम्ही हॉलमध्ये पेपर धरून तिच्या उठण्याची वाट बघत बसायचो. एकदा तिच्या ते लक्षात आलं.

"उठवायचं नाही का रे मला?" एवढंच म्हणाली आणि त्यानंतर पलंगावर झोपू लागली. म्हणजे डोळे उघडे ठेवून पडू लागली.

एसी बसवतो म्हटलं, तर म्हणाली, "मला गार खालून लागतं रे, वरून नको."

मे महिन्यात ती मालाडला माझ्या धाकट्या बहिणीकडे आठवडाभर म्हणून गेली. पाऊस पडू दे, मग येते म्हणाली. मग गणपती होऊ दे म्हणाली. दिवाळीत आली ती बहीण आणि मेहुण्यांबरोबर, आणि भाऊबीज झाल्यावर त्यांच्याबरोबरच परत निघाली. मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, "ही फरशी काढून टाकतो. खाली जुनी लादी आहे तशीच आहे."

"काढून काय करणार, पुन्हा तडे बघणार?" ती म्हणाली. "राहू दे. छान जुळलंय."

परवा दुपारी मालाडला गेलो. बहिणीच्या आतल्या खोलीत आमच्यासारखीच जुनी मोझॅकची लादी आहे. आई तिच्यावर पडली होती, जागीच होती. मी शेजारी आडवा झालो. लहानपणानंतर पहिल्यांदाच. पाठीला ती लादी लागली आणि दुकानातला तिचा प्रश्न आठवला: कायमच असं राहतं का?

"इकडे सरक," आई म्हणाली. "तिथली मी तापवून ठेवलीय."

मी सरकलो. थोड्या वेळाने ती झोपली. मुलुंडला शेवटची अशी कधी झोपली होती, ते मला सांगता येणार नाही.

निघताना मेहुणे दारापर्यंत आले. दिवाळीत आमची खोली बघितल्यापासून बहिणीच्या डोक्यात तशीच फरशी बसली होती म्हणे. घाटकोपरच्या त्या दुकानातून सँपल आणून झाले होते, कारागीर सोमवारी येणार होता. मी आईचं सांगितलं. लादी, दुपार, सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, आगाऊ पैसे देऊन झालेत, आणि आईंना विचारलंय, त्या म्हणाल्या तुम्ही ठरवा.

ते वॉलनट घेत आहेत. त्यांच्या हॉलशी तो जास्त जुळतो.