माणिकप्पा गुरुजींचा बातम्यांचा तास

उदगीर तालुक्यातल्या आमच्या गावात काल कुणाच्या घरी भांडण झालं, हे पोलीस पाटलाच्या आधी तिसरीच्या वर्गाला कळतं. त्याला कारण माणिकप्पा गुरुजी. आवाज असा की पलीकडच्या शेतातले बैल थांबावेत. रोज पहिल्या तासाला ते विचारणार, "बोला, काल काय झालं?" पोरं सांगणार, गुरुजी ते जसंच्या तसं फळ्यावर लिहिणार आणि ज्याचं वाक्य त्यानं ते वाचायचं. 'आमच्या म्हशीनं मामाची लुंगी खाल्ली.' असल्या वाक्यांवर अख्खा वर्ग वाचायला शिकला. धड्यातल्या कमळावर अडखळणारं पोरगं मामाची लुंगी घडाघडा वाचतं. आया मात्र धास्तावलेल्या. एकदा गुरम्मा तरातरा शाळेच्या दारात आली. "गुरुजी, माझं अन् सासूचं आमच्यात ऱ्हाऊ द्या की! फळ्यावर कशाला?"

"अवो, पण पोरीनं 'सासू' बिनचूक वाचलं!" गुरुजी खूश.

एकटी मंजुश्री तेवढी गप्प. शाळेत आल्यापासून बोललीच नव्हती. वाचताही येत नव्हतं, कारण फळ्यावर तिचं वाक्यच नव्हतं. गुरुजी रोज तिच्यापाशी थांबत. दिवाळीनंतर तिचे ओठ हलू लागले. "आज-उद्या बोलती बघा," ते शेजारच्या माझ्या वर्गात येऊन सांगत. स्वतःच्या पोराला नोकरी लागली तेव्हासुद्धा गडी एवढा हरखला नव्हता.

आणि चाचणी आली. मुख्याध्यापक रविकिरण सर वयानं लहान, नजर कायम मोबाइलवर. "अप्पा, तालुक्याच्या ग्रुपवर आपली शाळा लाल रंगात हाय, मागं पडलेल्यांत. उद्यापासून पहिल्या तासाला सराव पेपर."

"अन् माझ्या बातम्या?"

"बातम्यांना मार्क न्हाईत, अप्पा."

"तुम्ही एका रंगाला भिऊन राहिले. पोर बोलायला आलीय हो. आठ दिवस तरी द्या."

"मला कोण देऊन राहिलंय?"

मग महिनाभर नुसते गोल. चारांतला एक काळा करायचा आणि पेन्सिल बाहेर जाऊ द्यायची नाही. 'पर्याय अ, पर्याय ब' करता करता गुरुजींचा घसा बसला. बैल सुखानं चालू लागले. मंजुश्री प्रश्न न वाचताच गोल भरायची, पण इतके सुबक! चाचणीत त्यातले बरेच नेमके बरोबर निघाले आणि निकालात ती 'प्रगत' ठरली. शाळा हिरवी झाली. रविकिरण सरांनी पेढे वाटले. गुरुजींच्या पेढ्याला मुंग्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी गुरुजी हात चोळत वर्गात शिरले. "बोला, काल काय झालं?"

पोरं फळ्यावर अ, ब, क, ड शोधू लागली. शेवटी रुद्रेश म्हणाला, "गुरुजी, पर्याय सांगा की."

"अरे, तुझ्या घरचं मी काय सांगू!" गुरुजींनी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात मंजुश्रीनं हात वर केला.

"वरीलपैकी एकही नाही," ती खणखणीत म्हणाली.

गुरुजींनी खडू उचलला, खाली ठेवला, पुन्हा उचलला आणि ते लिहिलं. मग मधल्या शब्दावर बोट ठेवलं. "वाच माय, हे काय हाय?"

ती फळ्याकडे बघत राहिली. शब्द तिचा नव्हताच, ओळखणार कसा?

दारात रविकिरण सर गठ्ठा घेऊन उभे. "अप्पा, पुढच्या चाचणीचे पेपर आलेत."

गुरुजींनी गठ्ठा घेतला, खुर्चीवर टाकला आणि त्यावर बसले.

"अप्पा, उठा की. वरून विचारणा हाय."

"विचारू द्या. मीबी विचारूनच राहिलो." ते मंजुश्रीकडे वळले. "सांग माय. काल काय झालं?"

मंजुश्रीनं दप्तरातून पेन्सिल काढली आणि टोक करायला घेतलं.